पिरांचा मान : मराठी मुलखातला मोहरम

मोहरमचा चंद्र दिसला की दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत अलाव्याच्या, म्हणजे मोहरमच्या अग्निकुंडाच्या, जागी कुदळ पडते. जागा पिढ्यानपिढ्या ठरलेली. कुदळ मारणाऱ्याचे घर ठरलेले, पेटीतले पंजे काढून उजळणाऱ्याचे ठरलेले, ऊद घालणाऱ्याचे ठरलेले, पुढे हलगी आणि ताशा वाजवणाऱ्यांचेही ठरलेले. यांतली बरीच घरे हिंदूंची असतात. दख्खनमध्ये अशीही गावे आहेत, जिथे मुसलमानाचे एकही घर उरलेले नाही. तिथेही पीर, म्हणजे हे पंजे, बसतात, कत्तलची रात, म्हणजे दहाव्याच्या आदली रात्र, जागवली जाते आणि दहाव्या दिवशी ताबूत पाण्याला जातात. इराकमध्ये तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी झालेल्या हत्याकांडाचे दुःख कृष्णा-पंचगंगेच्या काठचा शेतकरी आपले मानतो, त्यासाठी अनवाणी राहतो, पोराला फकीर करतो. का, असे विचारले तर त्याचे उत्तर बहुधा एकच असते : आमच्या घराकडे मान आहे.

या विधीकडे पाहण्याच्या दोन तयार रीती आपल्याकडे आहेत. एक म्हणते, हे हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक. दुसरी म्हणते, ही अज्ञानातून झालेली सरमिसळ. यात ना धड इस्लाम, ना धड हिंदू धर्म. पहिली कौतुक करते, दुसरी नाक मुरडते, पण प्रत्यक्ष गावात काय घडते याकडे दोघीही थोडक्यातच पाहतात. गावातला माणूस ऐक्याचा कार्यक्रम म्हणून पंजा उचलत नाही आणि आपण कुणाचे दुःख वाहतो आहोत हे त्याला कळत नाही असेही नाही. माझे म्हणणे असे की मराठी मुलखातल्या मोहरममध्ये चिन्हांचा अर्थ मानात साठवलेला आहे. कोणी काय करायचे, कोणाच्या आधी करायचे, कोणासाठी करायचे, या वाटणीतून कर्बलाची कथा गावाची झाली. श्रद्धा प्रत्येकाची वेगळी राहिली. जबाबदारी मात्र सामाईक झाली.

मूळ कथा थोडक्यात सांगायला हवी. हिजरी ६१च्या मोहरम महिन्यात, म्हणजे इसवी सन ६८०च्या ऑक्टोबरमध्ये, पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आपले कुटुंबीय आणि मोजके साथीदार घेऊन कर्बलाच्या मैदानात वेढले गेले. खलिफा यझीदच्या सत्तेला मान्यता द्यायला त्यांनी नकार दिला होता. परंपरा सांगते की सातव्या दिवसापासून त्यांच्या तळाला फरात नदीचे पाणी बंद झाले. दहाव्या दिवशी एकेक करून जवळजवळ सगळे पुरुष मारले गेले. पाणी आणायला गेलेल्या अब्बास यांचे दोन्ही हात तोडले गेले. हुसेन यांचे भाऊ हसन यांचे तरुण पुत्र कासीम मारले गेले; त्यांचे लग्न रणातच लागले होते असे लोकपरंपरा मानते. हुसेन यांचे सहा महिन्यांचे बाळ अली असगर त्यांच्याच हातांवर बाणाने गेले. शेवटी हुसेन शहीद झाले आणि स्त्रिया-मुले कैद होऊन दमास्कसला नेली गेली. तहान, तोडलेला हात, नवरदेव, बाळ आणि मालकाविना परतलेला हुसेन यांचा घोडा : मोहरमची सगळी चिन्हे या एका कथेतून निघतात.

दख्खनमध्ये ही कथा राजदरबारातून आली. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या आरंभी शिया पंथाचा स्वीकार जाहीर केला. गोवळकोंड्याचे कुतुबशहा शिया होतेच. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, बुऱ्हाण निजामशहाने १५३७च्या सुमारास इराणहून आलेल्या शाह ताहिर यांच्या प्रभावाखाली हाच मार्ग धरला. फरिश्ता या इतिहासकाराने त्याची हकिकत दिली आहे. बुऱ्हाणचा मुलगा अब्दुल कादिर आजाराने मरणपंथाला लागला होता. तो वाचला तर बारा इमामांचे नाव राज्यात मिरवीन असे बापाने कबूल केले, आणि मुलगा वाचला. या हकिकतीतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : आजारी लेकरासाठी बोललेला नवस. आज सांगली जिल्ह्यातली आई पिराच्या पंजाला नाडा बांधून जे बोलते, तेच इथे सुलतान बोलतो आहे. राजाचा धर्म आणि गावाचा धर्म या ठिकाणी एकाच दारातून आत येतात. बुऱ्हाणच्या काळातला कोठला हा परिसर अहमदनगरच्या मोहरमचे केंद्र म्हणून आजही ओळखला जातो. थोरल्या आणि धाकट्या इमामांच्या सवाऱ्यांची मिरवणूक तिथून निघते.

पुढे या शाह्या संपल्या. निजामशाही १६३६ला, आदिलशाही १६८६ला आणि कुतुबशाही १६८७ला गेली. मोगलांना शिया विधींचे प्रेम नव्हते. राजाश्रय गेला की दरबारी सोहळे सहसा विझतात. मोहरम मात्र टिकला, कारण तोवर तो पाटलाच्या वाड्यात, चावडीत आणि तालमीत येऊन बसला होता. तो सांभाळणारे आता बहुतेक सुन्नी मुसलमान होते, आणि त्यांच्या बरोबरीने कुणबी, धनगर, महार, मांग, सुतार, माळी होते. मराठी सरदारांनीही तो आपला मानला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या आणि इंदूरच्या होळकरांच्या राज्यात सरकारी ताजिये, म्हणजे ताबूत, निघत. जाफर शरीफ यांनी लिहिलेले आणि हर्क्लॉट्स यांनी इंग्रजीत आणलेले ‘कानून-ए-इस्लाम’ १८३२ साली छापले गेले. त्यात दख्खनच्या मोहरमचे जे वर्णन येते, त्यात अलावे, पंजे, फकीर, पट्टे रंगवलेले वाघ सारे काही आहे. हे चित्र आजच्या गावकऱ्यालाही ओळखीचे वाटावे इतके जवळचे आहे.

मग प्रश्न उरतो तो हा : परक्या भूमीतल्या या शोकाला मराठी गावात इतकी आतली जागा कशी मिळाली? माझ्या मते जागा आधीच तयार होती. महाराष्ट्रातल्या गावोगावी वेशीपाशी, देवळाच्या आवारात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवपिंडीची पूजा. गाईगुरांसाठी, गावासाठी लढताना मेलेला माणूस देव होतो, आणि त्याला शेंदूर लावण्याचा हक्क त्याच्या वंशजांकडे राहतो. ग्युंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या आणि पशुपालकांच्या दैवतांचा जो अभ्यास केला, त्यात या मेलेल्या वीरांच्या पूजेला मोठे स्थान आहे. अन्यायापुढे मान न तुकवता, हरणार हे ठाऊक असताना लढलेले हुसेन अशा गावाला कळायला अवघड नव्हते. शिया परंपरेत त्यांच्यासाठी रडणे हे पुण्य आहे. मराठी गावाने रडण्याबरोबर वीराला मिरवण्याची आपली रीत जोडली. म्हणून इथल्या मोहरममध्ये शोक आहे आणि वाजंत्रीही आहे. बाहेरून येणाऱ्याला हे विसंगत वाटते. ज्या समाजात वीराच्या मरणाला उत्सव म्हणतात, त्याला ते तसे वाटत नाही.

आता एकेका चिन्हाकडे पाहू.

पंजा पितळेचा, चांदीचा किंवा पंचधातूचा असतो. उंच काठीवर तो बसवतात, रंगीत कापडे नेसवतात, फुलांचा सेहरा बांधतात. जाणकार मुसलमान सांगेल की पाच बोटे म्हणजे पैगंबर, फातिमा, अली, हसन आणि हुसेन. दुसरा सांगेल की हा अब्बास यांचा तोडलेला हात, ज्याने अखेरपर्यंत निशाण सोडले नाही. गावातल्या म्हातारीला यातले काहीच ठाऊक नसले तरी तिला हात ठाऊक आहे. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला, आशीर्वादासाठी उभारलेला हात तिने लहानपणापासून पाहिला आहे. लग्नघराच्या भिंतीवर हळदीकुंकवाचे पंजे उमटवणारी तीच आहे. मरणातून परतून आशीर्वाद देणारा हात ही कल्पना तिला नवी नाही. तीन माणसे एकाच पंजापुढे तीन अर्थ घेऊन उभी राहतात आणि कोणीही दुसऱ्याला आपला अर्थ सोडायला सांगत नाही. ज्याला मान आहे त्याने पंजा उचलला, बाकीच्यांनी वाट दिली, ऊद घातला, की विधी पुरा होतो.

पाण्याचे चिन्ह सर्वांत साधे आणि मला सर्वांत खोल वाटते. कर्बलात पाणी अडवले गेले, म्हणून मोहरममध्ये पाणी वाटायचे. गुळाचे किंवा साखरेचे सरबत, कुठे दूध, कुठे नुसते थंड पाणी. वाटेने जाणाऱ्या कोणालाही. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत ज्यांनी टँकरची वाट पाहिली आहे, त्यांना पाणी अडवणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि आपल्याच देशात, आपल्याच गावात, काही माणसांना पाणवठा बंद होता हे महाडच्या १९२७च्या सत्याग्रहाने जगाला दाखवले. मोहरमचे सरबत पिताना हे सारे कोणी बोलून दाखवत नाही. तरी जे चिन्ह सांगते की पाणी अडवणारा यझीद असतो आणि पाणी देणारा हुसेनचा असतो, ते या मातीत निव्वळ परंपरा म्हणून राहू शकत नाही. त्याच्यात एक दावा आहे, आणि तो ऐकणाऱ्याला चुकवता येत नाही.

फकीर होणे हे तिसरे. नवसाने झालेल्या किंवा आजारातून उठलेल्या मुलाच्या गळ्यात रंगीत नाडा बांधतात, हाती झोळी देतात आणि त्याला पाच घरी मागायला धाडतात. मोठी माणसेही फकीर होतात. ते दिवस खाटेवर झोपत नाहीत, चप्पल घालत नाहीत, मांस खात नाहीत. इथे कर्बलानंतर लुटल्या गेलेल्या, दारोदार फिरवल्या गेलेल्या कुटुंबाची आठवण आहे. तसाच इथे जोगवाही आहे : देवीच्या नावाने पाच घरी मागणारी सधन घरची सून आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. दोन्हींत मागणाऱ्याने आपली प्रतिष्ठा काही काळ उतरवून ठेवायची असते. पाटलाचा मुलगा फकीर होऊन ज्या दारी उभा राहतो, तिथे एरवी तो मालक म्हणून जात असतो. फकिरा, पिराजी, दस्तगीर अशी नावे हिंदू घरांत आली ती पिरांवरच्या याच श्रद्धेतून. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९च्या कादंबरीने ज्या नावाला महाराष्ट्रभर पोचवले, त्या ‘फकिरा’ नावामागेही हीच पिरा-फकिरांची दुनिया आहे.

अलावा म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा. त्यात रात्री लाकडे पेटवतात आणि भोवती लोक फेर धरतात. हुसेनचे नाव घेतात, नवरदेव कासीमला हाक मारतात. कोणाला त्यात जळालेले तंबू दिसतात, कोणाला कबर, कोणाला होमकुंड. कुठे निखाऱ्यांवरून चालण्याचा नवस फेडतात. पंजा धरणाऱ्याच्या अंगात पीर येतो आणि लोक त्याला पावसाचे, दुखण्याचे, हरवलेल्या जनावराचे विचारतात. इथे कर्बला फार मागे राहिला असे वाटेल. पण ज्याच्याकडे दाद मागायची तो स्वतः अन्याय सोसलेला आहे, हा भरवसा या प्रश्नांच्या मुळाशी असतोच. त्याला आपले दुःख समजेल, म्हणून त्याला विचारायचे.

आणि ताबूत. बांबू आणि कागदाची ही इमामाच्या समाधीची प्रतिकृती. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे गगनचुंबी ताबूत प्रसिद्ध आहेत. त्यांतले काही हिंदू घराण्यांचे, काही मुसलमान घराण्यांचे, आणि त्यांच्या भेटीचा सोहळा पाहायला माणसांचा लोट येतो. कित्येक दिवस खपून उभारायचे, दहा दिवस सांभाळायचे आणि शेवटी पाण्याकाठी नेऊन थंड करायचे, हा क्रम मातीचा गणपती आणि गौर पूजणाऱ्यांना शिकवावा लागला नाही. एका ठिकाणी मात्र फरक आहे आणि तो जपायला हवा. गणपतीला पुढच्या वर्षी लवकर यायला सांगतात. ताबुतामागून परतणारी माणसे दफन करून परतत असतात.

या चिन्हांना बांधून ठेवणारा धागा म्हणजे मान. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे दर्ग्यावर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. ते उदाहरण उरुसाचे, मोहरमचे नव्हे, पण तत्त्व तेच. ज्याला गाव एरवी शेवटी उभे करते, त्याला पीर पुढे बोलावतो. मान ही मालमत्ता आहे आणि ते ओझेही आहे. तो विकता येत नाही, टाळता येत नाही. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा माणूस त्या दिवसांत रजा काढून गावी येतो, कारण त्याच्या घराने कुदळ मारल्याशिवाय पीर बसत नाहीत. धर्मग्रंथाने न सांगितलेले नाते अशा रीतीने दरवर्षी नव्याने लागू होते.

कालगणनेनेही या नात्याला हातभार लावला आहे. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे. त्याला अधिक महिना नाही, म्हणून मोहरम सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आपले बाकीचे सण पीकपाण्याला बांधलेले. मोहरम कधी पेरणीत येतो, कधी सुगीत, कधी रखरखीत उन्हाळ्यात. चंद्र मात्र हिजरी आणि हिंदू पंचांगांचा एकच. म्हणून दोन्ही पंचांगांचे महिने जुळले की तिथीही शेजारी येतात. २०१८, २०१९ आणि २०२० या तिन्ही वर्षी मोहरम गणेशोत्सवात आला. कोल्हापूर-सांगलीकडे काही ठिकाणी गणपती आणि पंजे एकाच छताखाली बसले, आणि कुरुंदवाडला तर मशिदींत गणपती बसवण्याची रीतच आहे. २०२४ला १७ जुलै रोजी आणि २०२५ला ६ जुलै रोजी आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस एकत्र आले. पंढरीची वाट चालून आलेले पाय आणि पिरासाठी अनवाणी राहिलेले पाय त्या दिवशी एकाच गावातले, कधी एकाच घरातले होते.

हे सगळे निर्वेध चालत आले असे मी म्हणणार नाही. १८९३च्या मुंबईतल्या दंगलीनंतर वातावरण बदलले. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सव सार्वजनिक झाला, आणि पुण्यासारख्या शहरात ताबुतांत भाग घेणारे हिंदू मोठ्या प्रमाणावर तिकडून निघून गणपतीच्या मेळ्यांत गेले. खेड्यांत हा बदल पुष्कळ उशिरा आणि अर्धवट पोचला. दुसऱ्या बाजूने मुसलमानांतल्या सुधारकांनी आक्षेप घेतले : पंजापुढे झुकणे, अंगात येणे, ढोल वाजवणे यांना इस्लाममध्ये आधार नाही. शिया विद्वानांनाही शोकाच्या दिवसांतला जल्लोष खटकतो. हे आक्षेप प्रामाणिक आहेत आणि त्यांच्या धर्मविचारात सुसंगतही आहेत. त्यांची टर उडवून या विधीचे रक्षण होणार नाही. कोणाला आपल्या श्रद्धेमुळे यातून दूर व्हावेसे वाटले तर तो त्याचा हक्क आहे.

तिसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. मानाच्या वाटणीत जातही वाटली गेली. हलगी वाजवण्याचा मान ज्यांच्याकडे आला त्यांना तो नाकारण्याची मोकळीक बहुधा नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनंतर अनेक कुटुंबांनी गावकीची कामे सोडली, त्यात मोहरमची वाजंत्रीही सुटली. त्यांनी योग्यच केले. हुसेन यांच्या कथेचा सारांशच असा की लादलेली मान्यता नाकारता येते. तेव्हा या विधीचे गोडवे गाताना, कोणाचा मान खरोखर मान होता आणि कोणाचा नुसती सक्ती, हे प्रत्येक गावात विचारले पाहिजे.

आज धोका आणखी एका दिशेने आहे. अलाव्याच्या जागेवर मालकी सांगितली जाते, ताबुताच्या मिरवणुकीत हलगीच्या जागी डीजे येतो, मानकरी घर गाव सोडून जाते आणि पंजे पेटीत पडून राहतात. काही गावांत पीर वर्गणीवर चालतात : पैसे सगळे देतात, हात कोणाचाच लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला सोहळा जास्त मोठा दिसतो. माझ्या मते अर्थ तिथे पातळ होतो, कारण चिन्ह उरले तरी ते उचलण्याची जबाबदारी कोणा एकाची राहिली नाही.

शेजारच्या प्रांतांनी या विषयाकडे आपल्याआधी लक्ष दिले. रहमत तरीकेरे यांनी कर्नाटकातल्या मोहरमवर कन्नडमध्ये सविस्तर लिहिले. अफसर मोहम्मद यांनी आंध्रातल्या गुगुडू गावच्या पिरांवर पूर्ण ग्रंथ केला. मराठीत रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींचा मागोवा घेऊन पाया घातला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून पुढची ती परंपरा आता अभ्यासकांना परिचित आहे. पण संतांनी शब्द लिहून ठेवले, म्हणून ते सापडले. अलाव्याभोवती फेर धरणाऱ्यांनी, मोहरमचे गोड चोंगे करणाऱ्या बायांनी, पंजे उजळणाऱ्या मुलाण्यांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या ज्ञानाची वही म्हणजे तो विधीच.

म्हणून या विधीकडे पाहताना वाचकांनी एक पद्धत पाळावी अशी माझी विनंती आहे. कोणतेही चिन्ह समोर आले की ते हिंदू की मुसलमान हा प्रश्न थोडा मागे ठेवावा आणि आधी चार गोष्टी विचाराव्यात : हे कोण उचलते, कोणाच्या वतीने, कोणाला वाट देऊन, आणि त्याने उचलले नाही तर काय अडते? या प्रश्नांची उत्तरे आपापल्या गावातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावीत. बायकांना वेगळे विचारावे, कारण नवस त्यांनी बोललेले असतात. गावकीची कामे सोडलेल्यांना ती का सोडली हेही विचारावे. अशी नोंद शंभर गावांतून झाली, तर मराठी माणसाने परक्याचे दुःख आपले कसे केले याचा जो इतिहास आज कुठल्याच दप्तरात नाही, तो हाती येईल. आणि तो लिहिताना कौतुक आणि तिरस्कार या दोहोंपेक्षा माहितीला अधिक किंमत दिली, तर तो टिकेल.